तपकिरीची कुपी आणि लोणच्याची बरणी

वलगावच्या आमच्या घरात लोणच्याच्या बरणीस 'चिनी मातीची' म्हणत. त्या साध्या विशेषणात एक अवघा देश मुक्कामास आहे, हे मला उमगले ते पुष्कळ वर्षांनी, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी वस्तूंच्या दालनात.

११ नोव्हेंबर १९०५ रोजी कोनशिला बसलेली, जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही वास्तू महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून राबली आणि १९२२ च्या जानेवारीत प्रेक्षकांस खुली झाली. तिच्यातील चिनी ऐवज मुख्यतः सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आला. त्यांचे वडील जमशेटजी १८५९ साली व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते. पुढे त्यांनी कपाशीच्या मुलखाजवळ म्हणून नागपूर निवडून १८७७ मध्ये एम्प्रेस मिल चालू केली, आणि त्या काळी हिंदुस्थानी गिरण्यांच्या सुताला मोठे गिऱ्हाईक होते चीनचे. म्हणून या कपाटांपुढे वऱ्हाडी माणसाने स्वतःस परका समजण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

मी सर्वाधिक वेळ थबकलो तो तपकिरीच्या कुप्यांपाशी. आपल्याकडे तपकीर डबीत. चिनी रसिकाने तिच्यासाठी मुठीत मावेल एवढी बाटली घडविली, आणि तिच्या बुचाला चिमूटभर तपकीर काढण्यापुरता इवलासा चमचा जडविला. काचेच्या कुप्यांचा एक प्रकार तर असा, की कारागीर अरुंद तोंडातून वाकडी, बारीक कलमे आत घालून आतल्या बाजूवर चित्र काढी. बाहेरून पाहणाऱ्यास जे सर्वांत पुढे दिसायचे, ते त्याला सर्वांत आधी रंगवावे लागे, आणि मागचे आकाश शेवटी. चुकीस जागाच नाही! जेडच्या वस्तूंचे धैर्य निराळे: हा दगड पोलादी सुरीला दाद देत नाही, तो कठीण वाळू व पाणी यांनी दिवसेंदिवस झिजवूनच आकारास येतो. निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरील निळाई कोबाल्टची. ती कच्च्या भांड्यावर रेखून, वर पारदर्शक झिलई चढवून, सुमारे तेराशे अंशांच्या भट्टीत पक्की केली, म्हणून शतके लोटली तरी ती बोटाला लागत नाही.

अमरावतीहून मुलांच्या सहली मुंबईस जातात, राणीची बाग व चौपाटी पाहून परततात. शिक्षकांस माझी विनंती आहे, की त्यांनी एक तास या दालनासाठी राखावा, आणि मुलांना आत नेण्यापूर्वी घरच्या बरणीची आठवण करून द्यावी.