समईचा उजेड आणि कॅमेऱ्याची चकती

आश्विन सरत आला की कामशेतच्या परिसरात भात पिवळे पडते, आणि घरोघरी फराळाच्या डब्यांबरोबर डिजिटल कॅमेराही कपाटातून बाहेर निघतो. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्याला विसावा नसतो. मात्र पूजेच्या छायाचित्रांत पुष्कळदा एक उणीव राहते. समई दिसते, तिचा उजेड दिसत नाही.

अंधार जाणवताच कॅमेरा आपणहून फ्लॅश उडवितो. त्या पांढऱ्या झोतात ज्योतीचा सोनेरी प्रकाश बुडून जातो, पितळी देव नुसते चकाकतात. यावरील उपाय कॅमेऱ्यातच असतो. डोंगर, चेहरा, फूल, धावपटू अशा चित्रांची चकती किंवा ‘सीन’ नावाची यादी वाचकांनी पाहिली असेल. त्या यादीत अनेक कॅमेऱ्यांना मेणबत्तीचेही चित्र असते. ते निवडले की फ्लॅश बंद राहतो आणि ज्योतीचा तांबूसपणा पुसून टाकण्याचा आपला नेहमीचा उद्योग यंत्र थांबविते. मेणबत्तीसाठी योजलेली ही सोय निरांजनाला तितकीच मानवते.

अर्थात मंद उजेडात झडप अधिक वेळ उघडी राहते, म्हणून हात किंचित हलला तरी चित्र पुसट होते. कॅमेरा चौरंगावर टेकवावा आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावावा. बोटाचा धक्काही लागत नाही. फिरत्या तबकाच्या मात्र रेघाच उमटतील. तेव्हा आरती संपून तबक खाली ठेवल्यावर चित्र घ्यावे. आरतीच्या वेळी आरतीच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाऊबीजेला अंगणातील पणत्यांपुढे बहीणभावंडे उभी करावयाची, तर चेहरा व चांदणी असलेले चित्र निवडावे. यात फ्लॅश उडतो, पण झडप त्यानंतरही क्षणभर उघडी राहते. त्यामुळे चेहरे उजळतात आणि पणत्याही विझल्यासारख्या दिसत नाहीत. फ्लॅश उडाला की मुले पळतात, तेवढी धरून ठेवावीत.

कामशेतहून लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनास जाणाऱ्यांनी शेजारच्या चैत्यगृहातही फ्लॅश बंदच ठेवावा. ते लेणे ३७ मीटरांहून अधिक खोल आहे. लहान कॅमेऱ्याचा झोत जेमतेम काही मीटर पोहोचतो. जवळचे खांब पांढरे पडतात, स्तूप काळोखात राहतो. लेण्याचे मुख पश्चिमेला असल्याने उन्हे कलल्यावर जावे.

यादीत ‘बर्फ’ही असतो. मावळात बर्फ कुठला, असे वाटेल! परंतु चुन्याने रंगविलेले देऊळ भर उन्हात करडे उमटते, कारण इतका पांढरेपणा पाहून यंत्र प्रकाश आवरून घेते. ‘बर्फ’ निवडल्यास ते प्रकाश वाढविते आणि शिखर पुन्हा पांढरेशुभ्र दिसते.