ट्रिपल सीट होते, म्हणून चूक त्यांचीच?

मनीषनगरच्या पुलाजवळ संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा, ट्रिपल सीट गाडी दिसेलच. समजा, अशाच एका गाडीला कारने मागून ठोकलं आणि एकाचा जीव गेला. बघे लगेच म्हणतात, "तिघं बसले होते ना!" पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकीलही हेच म्हणतो, आणि मग प्रश्न घरच्यांच्या भरपाईचा होतो.

नियम मोडला, हे खरंच. पण त्यामुळेच अपघात झाला का? दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एक दुसरीचं कारण, असं आम्ही लॅबमध्ये म्हणत नाही. कोर्टातही तसं चालत नाही. तिसऱ्या माणसाला मनातल्या मनात गाडीवरून उतरवून बघा. मागची कार धडकायची थांबली असती का?

दिल्लीचं असंच एक प्रकरण 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाली काढलं. मोटारसायकलवर तिघं, धडक मागून कारची. हायकोर्टाने ट्रिपल सीटपायी भरपाईतून 10 टक्के कापले होते, सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. नियमभंगाचा संबंध अपघाताशी तरी हवा, नाहीतर इजा वाढण्याशी तरी. हे "नाहीतर" महत्त्वाचं आहे. हेल्मेट नसल्याने धडक होत नाही, पण डोक्याची इजा वाढू शकते. मृत्यू पोटाच्या इजेने झाला असेल, तर मात्र हेल्मेटचा मुद्दा काढून काय उपयोग?

आणि अपघात कुणी पाहिलाच नसेल तर? इथे आपल्याच भागातला खटला आहे. 18 डिसेंबर 1960 ला नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली, रणजित जिनिंग कंपनीच्या मॅनेजरने चालवलेली कार सावनेरजवळ झाडावर आदळली. आतले एक प्रवासी गेले. रस्ता सरळ, कार मात्र उजवीकडे जाऊन झाडाला भिडलेली. 1977 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नीट चालवलेली गाडी सहसा असं करत नाही, तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे आता कंपनीने दाखवावं. कंपनीला ते जमलं नाही. (मॅनेजर कंपनीच्याच कामावर होता का, यावरही बराच वाद झाला. त्यावर पुन्हा कधीतरी.)

तिथे रस्ता, झाड आणि गाडीची जागा हेच साक्षीदार ठरले. म्हणून घरात असा प्रसंग आलाच, तर स्पॉट पंचनाम्याची नक्कल आधी मिळवा. गाड्या हलवण्याआधीचे फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये असतील, तर तेही त्याच दिवशी मागून घ्या.