वकिलीची शाळा घराजवळच

मीरा रोडहून चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला संधी दक्षिण मुंबईतच दिसते. 1855 सालचं शासकीय विधी महाविद्यालय तिथे, उच्च न्यायालयही तिथेच. पण 2025 मध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचं न्यायालय मिळालं. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. तिचा काही काळ इथेच घालवावा, असं मला ठामपणे वाटतं. साक्षीदाराची उलटतपासणी, जामिनाचा अर्ज, पुढची तारीख ऐकून खचलेला पक्षकार, हे सारं कनिष्ठ न्यायालयातच जवळून दिसतं.

छोट्या न्यायालयातल्या अनुभवाला मोठ्या लॉ फर्म विचारत नाहीत, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण कायद्याचे सगळेच पदवीधर फर्ममध्ये जात नाहीत, आणि अपिलातला वाद उभा राहतो तो खालच्या न्यायालयात नोंदलेल्या पुराव्यावरच. शिवाय 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. विद्यार्थ्याला सल्ला देण्याचा अधिकार नसला, तरी हा हक्क शेजारणीला सांगून अर्ज भरायला मदत नक्कीच करता येते.