गाणे झिजते का?

बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायकाने १९४२ साली ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. आयर्व्हिंग बर्लिनने रचलेले हे गाणे त्याच वर्षी आलेल्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात होते. त्या काळी ध्वनिमुद्रिका धातूच्या साच्यावरून छापून काढत. या गाण्याला मागणी इतकी की मूळ साचा वापरून वापरून खराब झाला. शेवटी १८ मार्च १९४७ रोजी क्रॉस्बीला पुन्हा स्टुडिओत बोलावले. तोच वाद्यवृंद आणि तेच साथीचे गायक जमवले आणि गाणे शक्य तितके पहिल्यासारखे पुन्हा गाऊन घेतले. आज नाताळात आपल्या कानांवर पडते ते बहुतेक वेळा हे दुसरे ध्वनिमुद्रण.

साचा झिजला हे समजण्यासारखे आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानांत गाणे झिजते का? डिसेंबर लागला की मोठ्या दुकानांत, शाळांच्या कार्यक्रमांत, उघडताच वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांत तीच चार-पाच गाणी सुरू होतात. पहिल्या दिवशी बरे वाटते, पंधराव्या दिवशी नको होते. युरोप-अमेरिकेत हा महिना-दीड महिन्याचा मारा असतो. तिथे लोकांनी त्यावर एक खेळही काढला आहे. ‘व्हॅम’ या जोडीचे ‘लास्ट ख्रिसमस’ हे १९८४ चे गाणे १ ते २४ डिसेंबरपर्यंत कानांवर पडू द्यायचे नाही. मूळ गाणे ऐकू आले की गडी बाद. दुसऱ्या कोणी गायलेले चालते!

गंमत पुढेच आहे. हेच गाणे १९८४ साली ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकले होते. ते पहिले आले १ जानेवारी २०२१ च्या यादीत, म्हणजे छत्तीस वर्षांनी. मराया कॅरीचे ‘ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू’ हे १९९४ चे गाणे अमेरिकेतल्या मुख्य यादीत पहिले आले २०१९ मध्ये. एकीकडे लोक या गाण्यांपासून पळतात आणि दुसरीकडे हीच गाणी दर वर्षी वर चढतात. दोन्ही खरे कसे असेल?

परिचयातून आवड

रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने लोकांना तुर्कीसारखे वाटणारे बनावट शब्द, चिनी चित्रलिपीतली अक्षरे आणि अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. काही एकदा, काही दोनदा, काही पंचवीस वेळा. मग विचारले, या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट? हा माणूस तुम्हांला कितपत आवडतो? ज्या गोष्टी जास्त वेळा दिसल्या होत्या त्यांना लोकांनी जास्त गुण दिले. नुसत्या परिचयाने आवड वाढली. जाहिरातवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होते. झायोन्कने ते मोजून दाखवले.

मग हे वाढणे कुठे थांबते? डॅनियल बर्लाइन या संशोधकाने १९७० च्या सुमारास असे मांडले, की आवड आधी वाढते, शिखराला पोचते आणि मग उतरते. आडव्या अक्षावर ‘किती वेळा ऐकले’ आणि उभ्या अक्षावर ‘किती आवडले’ असा आलेख काढला तर तो टेकडीसारखा दिसतो. गाणे फार सोपे असेल तर शिखर लवकर येते. गुंतागुंतीचे असेल तर उशिरा येते.

ग्लेन शेलेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली संगीतावरच हे तपासले. संगीताचे छोटे तुकडे दोन, आठ आणि बत्तीस वेळा ऐकवले. जे लक्ष देऊन ऐकत होते त्यांच्यात टेकडी स्पष्ट दिसली: दोनदा ऐकल्यावर आवड वाढली, आठ आणि बत्तीस वेळा ऐकल्यावर घटली. पण ज्यांचे लक्ष दुसऱ्याच कामात होते आणि संगीत नुसते कानांवर पडत होते, त्यांच्यात आवड वाढतच गेली.

दुकानदाराला हवा तो नेमका हा दुसरा गट. ग्राहक भाव पाहण्यात गुंग असतो, वीस मिनिटांत बाहेर पडतो, आणि गाणे त्याला अधिकच आपलेसे होते. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीचे काय? समजा, तासाभराची एक ध्वनिफीत फिरून फिरून वाजते आहे. रोज नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस, सहा आठवडे. एकेक गाणे ३२४ वेळा झाले. प्रयोगातला सर्वांत मोठा आकडा बत्तीस होता, तोही एका बैठकीतला. ३२४ वेळांनंतर आवडीचे काय होते हे या प्रयोगावरून सांगता येणार नाही. पण तिला आवाज बंद करता येत नाही, ही गोष्ट आमच्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

याला एक आधार आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ साली गोंगाटाविषयीचे आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. काही लोकांना त्यांनी मोठा, अनियमित आवाज ऐकवला. त्यांतल्या काहींना एक बटण दिले होते: दाबले तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. नंतर सर्वांना अवघड कोडी दिली. बटण हाताशी असलेल्यांनी कोड्यांवर जास्त चिकाटीने काम केले, बटण न दाबताही! गाणे म्हणजे गोंगाट नव्हे हे खरे. पण जे गाणे थांबवायचे आपल्या हातात नाही ते गोंगाटाकडे झुकू लागते, हे कर्ण्याशेजारी राहणाऱ्या कोणालाही पटेल.

विश्रांतीचा परिणाम

सरावणे ही क्रिया संगीतापेक्षा फार जुनी आहे. समुद्रात ॲप्लीशिया नावाची शंखाबाहेर राहणारी मोठी गोगलगाय असते. तिच्या अंगाला हलकेच स्पर्श केला की ती कल्ले आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ओढण्याचा जोर कमी कमी होत जातो. एरिक कँडेलने यामागचे मज्जापेशींमधले बदल शोधले. त्याला २००० साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. या गोगलगायीला थोडा वेळ तसेच सोडले तर प्रतिसाद परत येतो.

गोगलगायीवरून माणसाच्या रसिकतेचे निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पण विश्रांतीने ताजेपणा परततो हा नियम प्राणिसृष्टीत सर्वत्र दिसतो. नाताळची गाणी वर्षाचे अकरा महिने बंद असतात आणि म्हणूनच दर डिसेंबरात पहिल्यांदा ऐकताना छान वाटतात. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सुरू झाली की विश्रांती घटते आणि मात्रा वाढते. असे दोन्हीकडून नुकसान होते.

सोपे गाणे, टिकाऊ गाणे

‘जिंगल बेल्स’चे उदाहरण घेऊ. जेम्स लॉर्ड पिअरपाँटने ते १८५७ साली प्रसिद्ध केले. त्यात नाताळचा उल्लेखही नाही. ते घोडा जुंपलेल्या बर्फगाडीचे गाणे आहे. (१६ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी ६’ यानातल्या दोघा अंतराळवीरांनी ते माउथऑर्गन आणि घुंगरांवर वाजवले. अवकाशात वाजलेले पहिले संगीत म्हणून त्याची नोंद आहे.) आज आपण म्हणतो त्या ध्रुवपदाचे पहिले सात स्वर एकच आहेत आणि सगळे ध्रुवपद सलग पाच स्वरांत बसते. म्हणून ते बालवाडीत एका दिवसात येते. आणि म्हणूनच, बर्लाइनच्या हिशोबाने, टेकडीवरून लवकर उतरते. पुढचा स्वर कोणता याचा अंदाज बांधण्यात आणि तो बरोबर येण्यात जो आनंद असतो तो इथे फार लवकर संपतो.

म्हणजे पुनरावृत्तीच वाईट असे मात्र नाही. एलिझाबेथ मार्गुलिस या संशोधिकेने लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर यांच्या दुर्बोध समजल्या जाणाऱ्या रचना घेतल्या. त्यांतले काही तुकडे कापून पुन्हा जोडले, म्हणजे मूळ रचनेत नसलेली पुनरावृत्ती घुसवली. श्रोत्यांना या बदललेल्या रचना जास्त आवडल्या! पुनरावृत्तीशिवाय संगीत पकडीत येत नाही. प्रश्न एवढाच, की परतून येणाऱ्या गोष्टीभोवती काही बदलते की नाही.

याचे सुंदर उदाहरण नाताळच्या गाण्यांतच आहे. मिकोला लेओंतोविच या युक्रेनियन संगीतकाराची ‘श्चेद्रिक’ ही समूहगानाची रचना १९१६ साली कीव्हमध्ये प्रथम गायली गेली. मूळ लोकगीत नववर्षाचे. एक पाकोळी घरात येते आणि घरधन्याला सांगते, गोठ्यात जाऊन बघ, कोकरे झाली आहेत. पुढे १९३६ साली अमेरिकेत पीटर विल्हाउस्कीने त्यावर घंटांविषयीचे इंग्रजी शब्द बसवले आणि ते ‘कॅरल ऑफ द बेल्स’ या नावाने नाताळचे झाले. लेओंतोविच ते पाहायला नव्हता. १९२१ च्या जानेवारीत सोव्हिएत हस्तकाने त्याचा खून केला होता.

या रचनेचा गाभा चार स्वरांचा आहे: कोमल गंधार, शुद्ध रिषभ, पुन्हा कोमल गंधार, मग षड्ज. पेटीवर वाजवून पाहा. हे चार स्वर जवळजवळ अखेरपर्यंत फिरत राहतात. कंटाळा यायला हवा, पण येत नाही, कारण खाली एकेक आवाज मिसळत जातो आणि त्याच चार स्वरांना दर खेपेला वेगळा आधार मिळतो. एकल तबलावादनात पेटीवाला लेहरा धरतो तसेच हे काहीसे. लेहरा बदलत नाही, म्हणूनच तबल्यात काय बदलते ते आपल्याला कळते.

पर्याय कोणते?

फार वाजलेल्या गाण्यांना पर्याय म्हणून आम्ही आधी ‘श्चेद्रिक’ सुचवू. दुसरे ‘इन द ब्लीक मिडविंटर’. क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेला गुस्ताव होल्स्टने १९०६ साली साधी चाल दिली. थोड्याच वर्षांत हॅरल्ड डार्कने दुसरी, अधिक विणलेली चाल दिली. २००८ साली समूहगान-संचालकांनी एका मतदानात डार्कच्या चालीला सर्वोत्तम ठरवले. शब्द तेच, चाली दोन: नववी-दहावीच्या मुलांना तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही. तिसरे ‘गुड किंग वेन्सेस्लास’. ते तसे ओळखीचे आहे, पण त्याची चाल १५८२ साली छापलेल्या ‘पिए कान्तिओनेस’ या संग्रहातल्या वसंतगीताची आहे. हिवाळ्याचे शब्द त्याला १८५३ साली मिळाले.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला. तिथल्या चॅपलमध्ये १९१८ पासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाचने आणि गीते यांचा कार्यक्रम होतो. जुनी गाणी लोकांना हवीच असतात. म्हणून ती ठेवली, पण १९८३ पासून दर वर्षी एका संगीतकाराकडून एक नवे गीत लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली. १९९० साली ते एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्टने लिहिले. ओळखीच्या गाण्यांत एकच अनोळखी असले की जुनीही ताजी वाटतात.

मराठी शाळेला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण गीते इथली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती उपासनेसाठी रचलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गातात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन वाढवले. त्याआधी तीनशे वर्षे, १६१६ साली, फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. ख्रिस्तजन्माचा भाग त्याच्या दुसऱ्या पुराणात आहे. ओवी कशी म्हणायची हे मुलांना शिकवावे लागत नाही, आणि बर्फगाडी म्हणजे काय हेही समजावत बसावे लागत नाही. वसई किंवा अहिल्यानगर भागातल्या शिक्षकांना ही गीते म्हणून दाखवणारे पालक गावातच भेटतील. ही उपासनेची गीते आहेत, तेव्हा त्यांच्याकडूनच शिकावीत.

वर्गात करून पाहा

मुलांच्या ओळखीच्या नसलेल्या दोन चाली निवडा. एक सोपी आणि एक विणलेली. रोज ठरावीक वेळी दोन्ही दोनदा वाजवा, असे दहा दिवस. अर्ध्या मुलांनी लक्षपूर्वक ऐकायचे. उरलेल्या अर्ध्यांनी त्याच वेळी छापील उताऱ्यातली ‘क’ अक्षरे मोजायची. दर दिवशी प्रत्येकाने दोन्ही चालींना एक ते सात गुण, शेजाऱ्याला न दाखवता, चिठ्ठीवर लिहायचे. गटवार सरासरी काढून चार रेषांचा आलेख करा. नंतर तीन आठवडे काहीच वाजवू नका आणि मग एकदाच दोन्ही वाजवून गुण घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात आकडे बरेच हेलकावे खातील, त्यामुळे शक्य असेल तर दुसऱ्या तुकडीचेही घ्या. टेकडी दिसली नाही तरी आलेख टाकून देऊ नका. दहा दिवस विणलेल्या चालीला पुरले नाहीत, की मुलांनी मुळात ऐकलेच नाही, याचा शोध तिथूनच सुरू होतो. तुमच्या वर्गातले आकडे आम्हांला जरूर कळवा.