थंडीतला रविवार आणि दगडावरचा सातबारा

मंडळी, निफाडची थंडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आपल्या तालुक्याचं नाव. नाशिककर ते वाचून स्वेटर काढतात आणि गंगेवर फिरायला निघतात. आपण पहाटे चारला उठून बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवतो.

गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत रात्र गारठली आणि दुपारी ऊन तापलं की मणी तडकतो, नाहीतर गुलाबी पडतो. पिंक बेरीचा माल परदेशी पेटीत जात नाही. म्हणून धूर करायचा, पहाटे ड्रीप सोडायचं, घडांना कागद गुंडाळायचा. हे केलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्यापायी घरातलं कुणीच माघ लागेपर्यंत उन्हाला पाठ देऊन पाच मिनिटं बसायचं नाही, हे काही खरं नव्हे.

तेव्हा यंदा एक शनिवार-रविवार काढाच. बागेची पाळी भावाभावांत वाटून घ्या. भाऊ नसेल तर शेजाऱ्याशी सावड करा. पेरणीला सावड चालते, मग रविवारला का चालू नये?

शनिवार घरीच. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटू द्या, सोबत बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. हरभऱ्याचे शेंडे खुडून आणलेत तर भाजी आयतीच. घरच्या बाईला मात्र त्या दिवशी रानात पाठवू नका. नाहीतर सुट्टी तुमची आणि डबल ड्युटी तिची, असं व्हायचं.

रविवारी पोराबाळांना घेऊन नाशिक गाठा. मिसळ खा, रामकुंडावर जा, ते मी सांगायची गरज नाही. मी सांगणार आहे ते पांडवलेण्यांचं.

आमचे वडील उभ्या आयुष्यात नाशिकला गेले ते तीनच कामांसाठी: कोर्टाची तारीख, बँक आणि दवाखाना. चुलत्यांशी बांधाचा वाद होता, तो चौदा वर्षं चालला. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना ती लेणी त्यांनी कितीदा पाहिली असतील, पण वर एकदाही चढले नाहीत. "आपलं काय काम तिथं?" म्हणायचे. मीसुद्धा पन्नाशी उलटल्यावर गेलो. आणि गेल्यावर कळलं, की आपलंच तर काम आहे तिथं.

त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. सकाळी ऊन अंगावर घेत पायऱ्या चढा, थंडीतच ते जमतं. ३ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर ब्राह्मी लिपीत ओळी कोरल्या आहेत. भाषा प्राकृत. आपल्याला वाचता येत नाही, पण विद्वानांनी वाचून ठेवलंय. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा हा हुकूम आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. गोवर्धनच्या अमात्याला राजा कळवतो, की पश्चिम काखडी गावातली २०० निवर्तन जमीन इथल्या भिक्षूंना दिली. निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप. आधी ती कोणाच्या भोगवट्यात होती, तेही नाव घालून लिहिलंय. सरकारी माणसानं या शेतात पाऊल टाकायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलतीही आहेत. गोवर्धन गाव गंगापूर रोडला आजही आहे.

खरी गंमत पुढच्या हुकुमात. सहा वर्षांनी, राज्याच्या २४व्या वर्षी, राजा आणि त्याची आई मिळून कळवतात: काखडीत दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही. म्हणून आता शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तन द्यावी. तलाठीभाऊ, ग्रामसेवकभाऊ, वाचलंत ना? कागदावर जमीन आणि शिवारात पडीक, ही तक्रार तेव्हाही होती. फरक एवढाच, की कोणीतरी ती वरपर्यंत पोचवली आणि बदली जमीन मिळाली.

१० नंबरच्या लेण्यात तर चक्क ठेवपावती आहे. नहपान राजाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं. त्यातल्या २००० वर महिना शेकडा १ व्याज. वर्षाचे झाले २४०. पावसाळा इथं काढणारे भिक्षू २०, प्रत्येकाला कापडासाठी १२. पोराला तिथंच हिशेब घालायला लावा, पैन् पै जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर नोंदवला, असंही लिहिलंय. आपली ग्रामसभा याहून वेगळं काय करते?

मी त्या ओसरीत बराच वेळ बसलो होतो. वडिलांच्या कोर्टाच्या पिशवीत अर्ज होते, नकाशे होते, जुने उतारे होते. त्यांना एकदा इथं आणायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

खाली उतरलात की चहा घ्या आणि घरची वाट धरा, थंडीत अंधार लवकर पडतो. रात्रीच्या लाइटीची पाळी असेल तर मोटर चालू करायला घरात कोणीतरी लागेलच.