आवाज कोणत्या सालचा? (लेखांक नववा)

या आठवड्यात खरं तर ‘मेड इन हेवन’ या अल्बमच्या शेवटच्या, बावीस मिनिटांच्या निनावी तुकड्यावर लिहायचं ठरलं होतं. पण रानशेतच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे की आधी तोच घ्यायला हवा. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला २४ नोव्हेंबर १९९१ला, आणि ‘मेड इन हेवन’ बाजारात आला ६ नोव्हेंबर १९९५ला. मग त्यात ऐकू येणारा आवाज नेमका कधीचा? सगळा शेवटच्या आजारपणातला, की जुनं काही शोधून काढलेलं?

दोन्ही आहे. आणि या अल्बमची खरी गंमत त्यातच आहे. ‘उरलंसुरलं गोळा करून काढलेला अल्बम’ असं म्हणून तो बाजूला ठेवणाऱ्यांनी एकदा त्यातल्या प्रत्येक गाण्याचं साल पाहावं.

पहिल्याच ‘इट्स अ ब्युटिफुल डे’मधला आवाज एप्रिल १९८०चा आहे. म्युनिकमध्ये क्वीनच्या ‘द गेम’ या अल्बमचं काम चालू असताना फ्रेडी पियानोपाशी बसला आणि सुचेल तसा गायला. तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. आवाजात कसलाही ताण नाही. ओळ सहज वर जाते आणि तितकीच सहज खाली उतरते. ‘मेड इन हेवन’ हे शीर्षकगीत आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन्ही १९८५च्या ‘मिस्टर बॅड गाय’ या त्याच्या एकट्याच्या अल्बममधली. ‘हेवन फॉर एव्हरीवन’ क्वीनच्याच रॉजर टेलरने आपल्या ‘द क्रॉस’ या दुसऱ्या बँडसाठी केलं होतं, फ्रेडीने ते त्याच्यासाठी गायलं होतं. ‘टू मच लव्ह विल किल यू’ १९८९च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झालं आणि हक्कांच्या गुंत्यात मागे राहिलं. ‘माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड’ त्याच वर्षी ‘स्कँडल’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला येऊन गेलेलं होतं. शेवटच्या काळातली गाणी म्हणजे ‘मदर लव्ह’, ‘अ विंटर्स टेल’ आणि ‘यू डोन्ट फूल मी’. एवढीच.

आता जुन्या आवाजाला नवी साथ द्यायची कशी? इथे क्वीनचं नशीब थोर. त्यांच्या टेपवर गळा, पियानो, ड्रम्स, गिटार हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर होतं. गळा तेवढा ठेवायचा आणि बाकीचं पुसून नव्याने वाजवायचं, हे शक्य होतं. ‘मेड इन हेवन’नंतर महिन्याभरातच, ४ डिसेंबर १९९५ला, बीटल्सचं ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ आलं. तिथे जॉन लेननची एक घरगुती कॅसेट होती, १९७७ची, आणि तिच्यावर गळा आणि पियानो एकमेकांत पार मिसळलेले. लेननला पियानोपासून सुटा करता येईना, म्हणून त्या गाण्यात तो भिंतीपलीकडून गातोय असं वाटत राहतं. फ्रेडी मात्र शेजारी उभा राहून गातो.

डहाणू-घोलवडच्या वाडीवाल्यांना ही करामत वेगळी समजावून सांगायला नको. खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधतात, तसं हे काम. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ची १९८५ची आवृत्ती काढून ऐका : नाचायच्या हॉलमधला सिंथेसायझर, यंत्राचा ठेका. दहा वर्षांनी क्वीनच्या उरलेल्या तिघांनी गळ्याचा खुंट तेवढा राखला आणि वरचं सगळं छाटून टाकलं. रॉजरचे ड्रम्स आले, जॉन डीकनचा बेस आला, ब्रायन मेची गिटार आली, आणि तेच गाणं दणदणीत रॉक होऊन उभं राहिलं. प्रस्तुत लेखकाच्या मते हे कलम मूळ झाडापेक्षा सरस आहे. ‘माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड’बद्दल तसं म्हणवत नाही, ते आधीही साधारण होतं, नंतरही साधारणच राहिलं.

रानशेतकरांनी पत्राच्या शेवटी पारशांचा विषय काढलाय, त्यावरही थोडं. डहाणू रोडहून गाडीने उत्तरेला निघालं की संजाण, उदवाडा करत आपण वलसाडला पोचतो. फारुख बुलसाराचं, म्हणजे फ्रेडीचं, पारशी घराणं मूळचं तिथलं. जन्म झांझिबारचा, पण आठव्या वर्षी तो बोर्डिंगात आला तो आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये हा मागे पियानोवर. पुढे उभं राहून गाणारा मुलगा दुसराच. बहारोटच्या डोंगरात इराणशाचा पवित्र अग्नी पारशांनी बारा वर्षं जपला, ही कथा डहाणू-तलासरीत ठाऊक नाही असं घर विरळा. त्याच परंपरेतल्या धर्मगुरूंनी लंडनमध्ये फ्रेडीचे अंत्यविधी जरथुष्ट्री पद्धतीने केले.

आता ‘मदर लव्ह’.

मे १९९१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावचा माउंटन स्टुडिओ. फ्रेडीच्या अंगात उभं राहण्याचंही बळ फारसं उरलेलं नव्हतं. ब्रायनने नंतर सांगितलेली हकिगत अशी की, फ्रेडीचा आग्रह एकच : शब्द लिहून देत जा, मी गात जातो, मागाहून तुम्ही पुरं करा. त्यामुळे ठेका तात्पुरता, यंत्राचा. ब्रायन कागदावर ओळ लिहून द्यायचा, फ्रेडी ती गायचा, की पुढची ओळ. मध्येच त्याला चाल पुरेशी उंच वाटेना, तेव्हा हट्टाने त्याने आवाज आणखी वर चढवला. गेल्या आठवड्यात ‘द शो मस्ट गो ऑन’ गातानाचा त्याचा जो हट्ट सांगितला, तोच हा.

हेडफोन लावून ऐका. पहिली दोन कडवी जवळजवळ कुजबुजल्यासारखी, श्वास घेतलेलाही ऐकू येतो. मग मधल्या भागात तो एकदम तार सप्तकात झेप घेतो आणि सूर तसूभरही हलत नाही. त्यानंतर गिटार. गिटार संपते, तिसरं कडवं सुरू होतं आणि आवाज बदललेला असतो. मऊ, थोडा पातळ, काळजीपूर्वक पाय टाकणारा. तो ब्रायनचा. शेवटचं कडवं परत येऊन गातो म्हणून फ्रेडी स्टुडिओतून बाहेर पडला, तो परत आला नाही. ब्रायनने फ्रेडीची नक्कल करायचा प्रयत्नसुद्धा केलेला नाही, आणि हे फार मोलाचं आहे. जिथे फ्रेडी थांबला, तिथे गाण्यातही तो थांबतो.

इथवर हिशेब सरळ आहे : एप्रिल १९८० ते मे १९९१, एका गळ्याची अकरा वर्षं. पण ‘मदर लव्ह’च्या शेवटच्या मिनिटात हा हिशेब मोडतो. आधी १९८६च्या वेम्बली मैदानावरची गर्दी आणि तिच्याशी सवाल-जवाब करणारा फ्रेडी. मग क्वीनच्या जुन्या गाण्यांचे तुकडे झरझर पळवल्यासारखा टेपचा आवाज. आणि त्यातून अचानक एक कोवळा, ओळखू न येणारा गळा : ‘गोइंग बॅक’. १९७३मध्ये ‘लॅरी ल्युरेक्स’ या टोपणनावाने एक छोटी रेकॉर्ड निघाली होती, तिच्या मागच्या बाजूचं हे गाणं. गाणारा फ्रेडीच, क्वीनचा पहिला अल्बमही त्याच वर्षी निघाला. त्याच्यामागून तान्ह्या बाळाचं रडणं, आणि गाणं संपतं. म्हणजे अकरा नव्हे, निदान अठरा वर्षं. आणि शेवटच्या आवाजापासून अगदी सुरुवातीच्या आवाजापर्यंतचं अंतर एकाच गाण्यात कापलेलं. उरलंसुरलं गोळा करणारे असली जुळणी करत नाहीत.

‘अ विंटर्स टेल’ हे फ्रेडीने रचलेलं शेवटचं गाणं. माँत्रोच्या तळ्याकाठी, समोर दिसतं त्याचं वर्णन करत लिहिलेलं. मरणाचा उल्लेखही नाही. त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याजोगं पुष्कळ आहे, पण ‘मदर लव्ह’च्या पाठोपाठ ते घाईत उरकावंसं वाटत नाही.

रानशेतकरांनी, आणि ज्यांना हौस असेल त्यांनी, हा अल्बम एकदा सालवार ऐकावा : आधी ‘इट्स अ ब्युटिफुल डे’, मग १९८५ची दोन, मग ‘हेवन फॉर एव्हरीवन’, ‘टू मच लव्ह’, आणि सगळ्यात शेवटी १९९१ची तीन. बावीस मिनिटांचा तुकडा तूर्त बाजूला ठेवा. निर्माता डेव्हिड रिचर्ड्सने तो पहिल्या गाण्याच्या सुरुवातीच्या सुरांतूनच वाढवत नेलाय. पुढच्या आठवड्यात तोच.