अबार्थ पुंटोचे सस्पेन्शन बुश बदलायचेत? रबर घ्यावे की पॉलियुरेथेन, समजून घ्या

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत आज जीप कंपास तयार होते. पण वेगवान गाड्यांचे वेड असलेल्यांच्या लेखी या कारखान्याची खरी ओळख म्हणजे अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५मध्ये आलेल्या या छोट्या गाडीत १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेही सुमारे दहा लाखांत. २०१९मध्ये फियाटच्या गाड्यांची देशातली विक्री थांबली. आता या गाड्या दहाएक वर्षांच्या झाल्या आहेत. इंजिन ठणठणीत असले, तरी खालचे रबर या वयात थकतेच.

बुश म्हणजे नेमके काय?

धातूच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला या बुशमधून जोडलेला असतो. पुंटोला पुढे लोअर आर्म आणि मागे एकच आडवा बीम आहे. त्या बीमच्या दोन टोकांनाही बुश असतात. खड्ड्याचा हादरा शोषायचा आणि चाकाची दिशाही ढळू द्यायची नाही, अशी दुहेरी जबाबदारी या रबरावर असते.

ते फाटले की ब्रेक मारताना खालून 'टक्' असा आवाज येतो, ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग किंचित भरकटते, टायर एका कडेने झिजतो. जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली, तर मात्र पुढच्या रविवारची वाट पाहू नका. अर्थात असाच आवाज लिंक रॉड आणि बॉल जॉइंटमुळेही येतो. म्हणून गाडी उचलून, आर्मला टॉमी लावून हलवून बघायला सांगा. रबरावर वरवरच्या बारीक भेगा असतील तर घाई नाही. रबर धातूपासून सुटले असेल तर बुश गेला.

मग पॉलियुरेथेन का नको?

गाडी जोरात चालवणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो 'पॉली टाका' हाच. त्यात तथ्य आहे. रबराचा कठीणपणा शोअर ए मापावर साधारण ५० ते ६५ असतो, पॉलीचा बहुधा ८० ते ९५. वळणावर आर्म कमी हलतो, स्टिअरिंग लगेच प्रतिसाद देते. पण जो हादरा बुश शोषत नाही, तो सांगाड्यात आणि तुमच्या कमरेत जातो.

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जाऊन पुढे दौंड गाठणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गतिरोधक, खचलेल्या साइडपट्ट्या आणि ऊस हंगामात ट्रॉलीला वाट देताना डांबराखाली उतरणारी दोन चाके. त्यात धुळीचा त्रास वेगळाच. रबराचा बुश स्वतः पिळला जाऊन हालचाल होऊ देतो, तर पॉलीचा बुश मधल्या नळीभोवती फिरतो. त्याला सिलिकॉन ग्रीस लागते. ते वाळले, त्यात धूळ गेली की कुरकुर सुरू.

आमचे मत स्पष्ट आहे : रोजच्या वापराच्या गाडीला चांगल्या कंपनीचे रबर. अगदीच हौस असेल तर पॉली फक्त अँटीरोल बारच्या बुशला. तिथे फायदा जाणवतो आणि त्रास कमी. मागच्या बीमला तर रबरच ठेवा. ट्रॅकवर वापरतात ते धातूचे गोलाकार जॉइंट या रस्त्यांवर निव्वळ हट्ट आहे.

विकत घेताना

बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट कपाटात किती वर्षे पडून होता, हा प्रश्न इथे किमतीपेक्षा मोठा आहे. रबर न वापरताही म्हातारे होते. पाकिटावर तारीख असेल तर बघा; नसेल तर नखाने दाबा. कडक लागले, कडेला भेगा दिसल्या तर 'ओरिजिनल' असूनही परत करा. नुसता बुश स्वस्त पडतो, पण तो काढून बसवायला चांगले प्रेस मशीन हवे. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका जातो. जवळ प्रेस नसेल आणि आर्म जुना असेल तर पूर्ण आर्मच घेणे परवडते. दोन्ही बाजू एकदमच बदला.

बसवताना इकडे लक्ष द्या

काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. तिची दिशा जुन्या बुशसारखीच हवी, म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. चाक लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. 'डुप्लिकेट माल निघाला' असे मग म्हटले जाते. दोष मालाचा नसतो. गाडीचे वजन चाकांवर घेऊनच शेवटचा आवळा द्या, त्यासाठी गॅरेजमध्ये समोर उभे राहावे लागले तरी राहा. त्यानंतर अलाइनमेंट लगेच करा.

वॉशिंग सेंटरवर गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल किंवा जुने ऑइल फवारतात, तेही थांबवा. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. इंजिनमधून ऑइल गळत असेल तर ती गळती आधी बंद करा, बुश नंतर टाका.